शब्दांवाचून चित्रकथा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात आम्ही काही जण शब्द नसलेल्या चित्रकथा वाचतो, काढतो, झेरॉक्सवर नाहीतर लिनोवर (कोरून ठसा करायच्या मऊ पत्र्यावर) छापतो आणि घरीच शिवून लोकांच्या हातात देतो. नवीन माणूस भेटला की साधारण तेच प्रश्न येतात. ते प्रश्न मोलाचे असतात आणि उभ्या उभ्या दिलेली उत्तरं त्यांना पुरत नाहीत, म्हणून इथे सवडीने लिहिलं आहे. हवा तो प्रश्न काढून वाचा.

शब्दच नाहीत, तर वाचायचं काय?

चित्रांचा क्रम. एका चौकटीत दार बंद आहे. पुढच्या चौकटीत ते अर्धवट उघडं आहे आणि उंबऱ्यापाशी चपलांचा एक जोड जास्त आहे. कुणीतरी आत आलं, हे कुठेच काढलेलं नाही. ते दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत घडलं आणि घडवलं तुम्ही. संवादांच्या चित्रकथेतही ही पट्टी असतेच, पण तिथे फुग्यातलं वाक्य आपल्याला पुढे नेतं आणि आपण पट्टीवरून उडी मारतो. शब्द काढून घेतले की तिथे थांबावं लागतं.

पहिल्यांदा हातात घेतलेलं असं पुस्तक बहुतेकांचं दोन मिनिटांत संपतं आणि 'एवढंच?' असं वाटतं. तेव्हा लगेच पहिल्या पानावर परत जावं. दुसऱ्या खेपेला हात दिसतात, खिडकीतला उजेड दिसतो, मागे उभा असलेला आणि पहिल्यांदा निसटलेला माणूस दिसतो. माझ्या मते हे पुस्तक खरं सुरू होतं ते दुसऱ्या वाचनाला.

शि. द. फडणीसांची हास्यचित्रं म्हणजे हेच ना?

नातं फार जवळचं आहे. खाली ओळ न लिहिता अख्खी गंमत रेषेत बसवायची, ही शिस्त फडणीसांइतकी निष्ठेने फार थोड्यांनी पाळली असेल आणि मराठी माणसाची नजर त्यावर घडलेली आहे. फरक आहे तो वेळेचा. हास्यचित्रात सगळं एका नजरेत समोर असतं. चित्रकथेत आधी काय झालं हे लक्षात ठेवून पान उलटावं लागतं. फडणीसांची चित्रं समजणाऱ्याला अर्धी वाट आधीच माहीत असते.

हा प्रकार सुरू कुठून झाला?

पुस्तकाच्या रूपात तो रुजवला बेल्जियमच्या फ्रान्स मासरीलने. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो जिनिव्हात राहून युद्धाविरुद्ध वर्तमानपत्रांत चित्रं काढत होता. १९१८ मध्ये त्याने एका कामगाराच्या आयुष्याची आणि अंताची गोष्ट २५ लाकूडठशांत, म्हणजे लाकडावर कोरून छापलेल्या चित्रांत, सांगितली. पुढच्याच वर्षी १६७ ठशांचं पुस्तक काढलं: एका पानावर एक ठसा आणि खाली काहीही नाही. या पुस्तकाच्या १९२६ च्या जर्मन आवृत्तीला कादंबरीकार थॉमस मान यांनी प्रस्तावना लिहिली.

अमेरिकेचा लिंड वॉर्ड लाइपझिगला कोरीवकाम शिकत असताना मासरीलचं एक पुस्तक त्याच्या हाती लागलं. घरी परतल्यावर त्याने १३९ कोरीव चित्रांची एक कादंबरी केली. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला त्याच आठवड्यात ती दुकानांत आली. १९३७ पर्यंत त्याने अशा सहा कादंबऱ्या केल्या. कॅनडातल्या लॉरेन्स हाइडने १९५१ मध्ये पॅसिफिकमधल्या अमेरिकन अणुचाचण्यांविरुद्ध याच पद्धतीचं पुस्तक काढलं. कामगार, मंदी, अणुबॉम्ब हे विषय बघितले की लक्षात येतं, ही माणसं गप्प बसण्यासाठी शब्द टाळत नव्हती. जिथे छापलं तिथल्या भाषेच्या पलीकडे त्यांना पोचायचं होतं.

आणि ती पोचली. १९३३ मध्ये शांघायच्या एका प्रकाशनाने मासरीलची चार पुस्तकं चिनी वाचकांसाठी छापली. त्यातल्या एकाला चीनचे मोठे लेखक लू शुन यांनी खुद्द प्रस्तावना लिहिली. प्रस्तावना चिनीत होती. आतल्या पानांत कुणाला काही बदलावं लागलं नाही.

मासरीलने सुरुवात केली तो काळ मूकपटांचा. आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकून गेलेल्या दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. पण मूकपटात दोन दृश्यांच्या मध्ये मजकुराच्या पाट्या येत. मासरील आणि वॉर्ड यांनी त्या पाट्याही काढून टाकल्या, म्हणून मला त्यांचं काम मूकपटापेक्षा अवघड वाटतं.

आपल्याकडे असं काही होतं का?

चित्रांतून गोष्ट सांगणं आपल्याकडे होतंच, पण ते मुकं नव्हतं. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरून गाऊन गोष्ट सांगतात. चित्रं सुटी असतात, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली, आणि त्यांच्या चळतीला पोथी म्हणतात. तिथे चित्र कधी बदलायचं हे गाणारा ठरवतो. आपण करतो त्या पुस्तकात गाणारा नाही. पान कधी उलटायचं हे वाचकाच्या हातात, आणि गोष्ट त्यानेच मनात सांगायची. म्हणून चित्रकथींना मी या कामाचे थेट पूर्वज म्हणणार नाही, पण पान बदलण्याच्या क्षणाला किती वजन असतं हे त्यांच्याइतकं कुणालाच कळलेलं नाही.

बडोद्यात राहणाऱ्यांनी दोन ठिकाणं बघावीत. एक, तांबेकर वाडा. एकोणिसाव्या शतकात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा लाकडी वाडा आज पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. वरच्या मजल्यांवर भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. महाभारत आणि कृष्णकथा आहेत आणि त्यांच्याच शेजारी टोपीवाले साहेब आणि मडमा. दालनात उभं राहून एकाच भिंतीवर डावीकडून उजवीकडे सावकाश चाला आणि कुठलं चित्र आधीचं, कुठलं नंतरचं ते स्वतः लावून बघा. या कामाचा सराव करायला शहरात याहून चांगली जागा मला माहीत नाही.

दुसरं, कीर्तिमंदिर, गायकवाड घराण्याचं स्मारक. तिथली नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं १९३९ ते १९४६ या काळातली: गंगावतरण, महाभारत, मीरेचं आयुष्य आणि टागोरांच्या नाटकातली 'नटीर पूजा'. मीरेच्या भिंतीसमोर जास्त वेळ थांबा. तीच बाई पुन्हा पुन्हा येते, चौकट मात्र कुठेच आखलेली नाही. एक प्रसंग संपून दुसरा कुठे सुरू होतो हे झाड, खांब, माणसांची पाठ यांवरून कळतं. आपण फूटपट्टी आणि शाई घेऊन चौकटी आखतो, ते काम तिथे रचना करते.

छोट्या छपाईचीही इथे परंपरा आहे. १९५० मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा सुरू झाली आणि इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे तिथे शिकवायला आले. पुढे गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खक्कर यांनी १९६९ ते १९७३ 'वृश्चिक' हे छोटं नियतकालिक बडोद्यातूनच चालवलं. त्यात मजकूर भरपूर असे, पण चित्रकारांनी स्वतःच्या हिमतीवर छापून काढायचं हा धडा त्याने घालून दिला.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठीच हे आहे का?

त्यांच्यासाठीही आहे. सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून वाचनालयांचं खातं उभं केलं. त्याच खात्यात चित्रांतून शिकवण्याची एक शाखा होती आणि ती खेडोपाडी पडद्यावर चित्रं दाखवत असे. ज्याला अक्षर येत नाही तोही वाचनालयाचा माणूस आहे, हा विचार या शहरात शंभर वर्षांपूर्वी रुजलेला आहे.

पण चित्रं सगळ्यांना आपोआप कळतात हा समज सोडून द्या. चौकटी डावीकडून उजवीकडे जातात, मग खाली उतरतात, तीन चौकटींतली एकसारखी दिसणारी बाई म्हणजे तीन बहिणी नसून एकच बाई आहे, हे शिकावं लागतं. ज्यांनी आयुष्यात कॉमिक हातात घेतलेलं नाही अशा मोठ्या माणसांना पानावर एकच चित्र असलेलं पुस्तक आधी द्यावं.

उलट बाजूही आहे. ऑस्ट्रेलियाच्या शॉन टॅन यांनी २००६ मध्ये परक्या देशात आलेल्या माणसाची शब्दांवाचून गोष्ट काढली. त्या शहरातल्या पाट्यांसाठी त्यांनी एक नवीच लिपी रचली. जगातल्या कुठल्याही वाचकाला ती वाचता येत नाही, त्यामुळे आपण त्या स्थलांतरिताइतकेच अडाणी होऊन रस्त्यावर उभे राहतो. शिकलेल्या माणसाला काही पानं तरी निरक्षर करणं, हेही या प्रकाराला जमतं.

आमच्या मुलांना आधीच मराठी वाचायला जड जातं. शब्द नसलेली पुस्तकं दिली तर मराठी आणखी सुटणार नाही का?

हा प्रश्न बडोद्यातल्या मराठी आईवडिलांकडून सर्वांत जास्त येतो आणि मला तो सर्वांत जवळचा आहे.

आपल्या घरांत काय होतं ते बघा. मुलाची शाळा इंग्रजी माध्यमाची, खाली खेळायला गुजराती मित्र. हिंदीमुळे देवनागरी येते, म्हणजे तो मराठी अक्षरं लावतो, पण रडतखडत. आजी प्रेमाने गोष्टीचं पुस्तक काढते आणि म्हणते, 'वाच बरं.' त्या क्षणी आजी परीक्षक होते आणि तो परीक्षेला बसतो. दोनचार ओळींनंतर दोघंही कंटाळतात.

आता त्याच दोघांमध्ये शब्द नसलेलं पुस्तक ठेवा. कुणाला जास्त येतं हा हिशोबच उरत नाही. उलट नातवाचे डोळे तीक्ष्ण असतात, त्याला मांजर आधी दिसतं. आजी विचारते, 'ही बाई कुठं निघाली रे?' आणि तो उत्तर मराठीत देतो, कारण प्रश्न मराठीत आला. मध्ये एखादा गुजराती शब्द येतो, येऊ द्या. तो 'ते दाराचं लोखंडाचं' म्हणतो आणि आजी म्हणते, 'कडी.' मग कोनाडा येतो, फडताळ येतं, उंबरा येतो, अडसर येतो. हे शब्द त्याच्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाहीत आणि आजीने शिकवायचे म्हणून ते शिकवलेलेही नाहीत. गोष्ट पुढे सरकवायला ते लागले, म्हणून आले.

तेव्हा माझं उत्तर असं: असं पुस्तक मराठी बोलायला लावतं. छापलेल्या मराठीची जागा ते घेत नाही, घेऊही नये. शेजारी मराठी पुस्तकंही ठेवा. मात्र दोन पथ्यं आहेत. मोठ्या माणसाने शेजारी बसायला हवं, आणि गोष्ट समजावून सांगायची नाही, विचारायची. मुलाने तुम्हाला वाटली त्याहून वेगळी गोष्ट सांगितली तर ती तशीच पुढे चालू द्या. पुढच्या पानावर ती जुळली नाही तर तोच थांबेल आणि मागचं पान उघडून बघेल.

चित्रात दुकानाची पाटी आली तर चालते का? फुग्यात चिन्हं काढली तर?

गोष्ट समजायला ती पाटी वाचावी लागत नसेल तर चालते. बडोद्याच्या रावपुऱ्यातला रस्ता पाट्यांशिवाय काढला तर तो रावपुरा वाटणारच नाही. पण 'दवाखाना' ही अक्षरं वाचल्याशिवाय पात्र कुठे गेलं हे कळत नसेल, तर ती पाटी शब्दाचं काम करते आहे. तिथे बाकावर बसलेली, हातात केसपेपर धरलेली माणसं काढा.

फुग्यात छोटं चित्र काढणं, म्हणजे भूक लागली की फुग्यात भाकरी, हे मला फारसं आवडत नाही. ती शब्दांची नक्कल होते. विनोदी गोष्टीत मात्र ती शोभते, आणि ज्यांना ती आवडते त्यांनी जरूर काढावी.

मला चित्रं काढता येत नाहीत. मी हे करू शकतो का?

करू शकता. हुबेहूब काढण्यापेक्षा तीच वस्तू चार वेळा ओळखू येईल इतपत सारखी काढता येणं इथे जास्त उपयोगी पडतं. माणूस काढणं जमत नसेल तर त्याला एक न बदलणारी खूण द्या: छत्री, टोपी, लंगडता पाय. कागद कापून चिकटवा, फोटोखाली कार्बन ठेवून गिरवा, शाईच्या शिक्क्याने करा. आमच्याकडच्या चांगल्या पुस्तकांपैकी काही अशा माणसांची आहेत ज्यांनी शाळेनंतर पेन्सिल धरली नव्हती.

गोष्ट कशी निवडायची?

जिचा गाभा वाक्यात आहे ती गोष्ट सोडून द्या. 'त्याने तिला माफ केलं' असं आधी लिहिलं आणि मग त्याचं चित्र शोधायला गेलात, तर पात्रं कपाळाला हात लावून उभी राहतात. जी हलते, झिजते, हरवते किंवा जागा सोडते अशी एखादी वस्तू शोधा आणि तिच्या मागे जा.

एक उदाहरण पानापानाने घेऊ. वाडा सोडून फ्लॅटमध्ये गेलेल्या कुटुंबाची गोष्ट आठ पानांत सांगायची आहे. मुखपृष्ठावर फक्त तुळशीची मातीची कुंडी. दुसऱ्या पानावर बांगड्या घातलेला हात कुंडी एका बाजूला कलती करतो, खाली किल्ली. तिसऱ्यावर तीच कुंडी, तीच किल्ली, पण हात लहान आणि वर दप्तराचा पट्टा. चौथ्यावर सामानाने भरलेला टेम्पो आणि सगळ्यात वर कुंडी. पाचव्यावर रिकामं अंगण. सहाव्यावर अंगणातल्या फरशीवर कुंडीने सोडलेलं वर्तुळ, जवळून. सातव्यावर नवं दार, आकडे दाबून उघडायचं कुलूप आणि दाराशेजारी कुंडी. आठव्या पानावर तो लहान हात कुंडी कलती करतो, आणि खाली जुनी किल्ली.

आराखडा ठीक आहे. आता खरं काम. शेवटची किल्ली जुनीच आहे हे वाचकाला शंभर टक्के पटलं पाहिजे. म्हणून दुसऱ्या पानावर तिला एक गाठ मारलेली नाडी बांधा आणि किल्ली मोठी काढा. तीच नाडी, तीच गाठ शेवटी. दोन घरं वेगळी आहेत हे फरशीवरून कळेल: वाड्याची शहाबादी, सांध्यांत गवत, फ्लॅटची गुळगुळीत टाइल, जिच्यात कुंडीचं प्रतिबिंब पडतं. लहान हात त्याच घरातला आहे हे दाखवायला दुसऱ्या आणि तिसऱ्या पानावर मागचं दार आणि कडी सारखीच ठेवा. ही दोन पानं पुस्तकात समोरासमोर येतात, त्यामुळे डोळा आपणहून तुलना करतो. सहावं आणि सातवंही समोरासमोर येतात: डावीकडे कुंडी नसलेलं वर्तुळ, उजवीकडे वर्तुळ नसलेली कुंडी. टेम्पोनंतर लिफ्टचं एक पान घालायचा मोह होईल, पण ते नुसती माहिती देतं. त्याच्या जागी रिकामं अंगण ठेवलं आहे ते म्हणूनच.

राहिलं आठवं पान. एकच कागद दुमडून केलेल्या आठ पानी घडीच्या पुस्तकात ते मलपृष्ठ असतं, म्हणजे पुस्तक पालथं पडलं की शेवट उघडा पडतो. इथे ते चालून जातं. आधी पाहणाऱ्याला फक्त हात, कुंडी आणि किल्ली दिसते आणि त्यातून काहीच फुटत नाही. दुसरी गोष्ट असेल तर शेवट सातव्या पानावर आणावा लागेल.

आवाज, आठवण, स्वप्न हे कसं दाखवायचं?

आवाज ऐकणाऱ्यावरून दिसतो: कावळे उडाले, मुलाने कान झाकले, झोपलेल्याने कूस बदलली. आठवणीसाठी चौकटीची रेघ बदलायची रीत आहे, कडा गोल किंवा तुटक. पण एकदा ठरवलेली रीत शेवटपर्यंत पाळा. स्वप्न शक्यतो टाळा. स्वप्न आहे की घडतंय याच्या गोंधळात वाचक सुटतो.

किती पानं, कुठला कागद, कसं शिवायचं?

सुरुवात ए४ च्या एका कागदापासून करा. त्याला तीन घड्या घाला, आठ चौकोन होतील. आडवा कागद मधोमध दुमडून मधल्या दोन चौकोनांपुरता एक काप द्या आणि तो उघडत पुस्तक मिटवा: आठ पानं, प्रत्येक ७४ बाय १०५ मिलिमीटर. शिवण नाही, पिन नाही, छपाई एकाच बाजूला. पानांचा क्रम तोंडपाठ करायच्या भानगडीत पडू नका. कोऱ्या कागदाची घडी घालून पानांवर पेन्सिलने आकडे टाका आणि मग कागद उलगडून बघा. कुठलं पान कुठे आणि कुठलं उलटं येतं ते समोर दिसेल. या कोऱ्या पुस्तकाला आम्ही डमी म्हणतो आणि डमीशिवाय कुणालाच सुरुवात करू देत नाही.

मोठं पुस्तक करायचं तर पानं चारच्या पटीत ठेवा, म्हणजे मधोमध दोरा किंवा पिन घालता येते. झेरॉक्सचा ७० किंवा ८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) कागद एका बाजूच्या छपाईला पुरतो. दोन्ही बाजूंना गडद काळं असेल तर ते पलीकडून दिसतं, तेव्हा १०० ते १२० घ्या. कागदाला एक दिशा असते आणि त्या दिशेने तो सहज दुमडतो. उलट्या दिशेने दुमडला तर घडीवर तंतू फुटतात. दुकानातच एक ताव हलका वाकवून बघा. आणि झेरॉक्स मशीन कडेला थोडी जागा सोडतं, म्हणून महत्त्वाचं काही कडेपर्यंत नेऊ नका.

लिनोवर छापायचं असेल तर?

जरूर छापा. मासरीलच्या ठशांतला तो ठोस काळा-पांढरा झेरॉक्समध्ये येत नाही. प्रेस नसली तरी अडत नाही: शाई लावलेल्या लिनोवर कागद ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने एकसारखं घासा. चमचा गोल फिरवत कोपऱ्यापर्यंत न्या, एक कोपरा उचलून काळा कमी दिसला तर कागद न हलवता पुन्हा घासा.

लिनोवर सगळं उलटं छापलं जातं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण शब्द नसलेल्या गोष्टीत त्याचा फटका जास्त बसतो. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे उजवीकडे तोंड करून चाललेला माणूस निघालेला वाटतो आणि डावीकडे तोंड केलेला परत आलेला. आराखडा सुलटाच लिनोवर उतरवलात तर तुमचा घर सोडून निघालेला माणूस छापल्यावर घरी परततो. आराखडा ट्रेसिंग पेपरवर काढून पालथा घाला आणि मग कोरा. कोरताना हत्यारापुढे बोटं नकोत.

वाचकाला कळलं नाही तर?

छापण्याआधी कळवून घ्या. डमी एखाद्याच्या हातात द्या, त्याला मोठ्याने गोष्ट सांगायला लावा आणि तुम्ही तोंड उघडू नका. तो कुठे मागचं पान उलटून बघतो ते टिपा. तिथे एकतर तुमचं चित्र कमी पडतंय, नाहीतर ती गोष्टीतली सर्वांत चांगली जागा आहे. कुठलं ते त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. मराठी न येणाऱ्या शेजाऱ्याला नक्की दाखवा.

सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली पाहिजे असा हट्ट मात्र नको. घटनांवर एकमत हवं: कुटुंब गेलं, किल्ली राहिली. ती किल्ली मुलाने ठेवली की आईने, यावर वाद झाला तर होऊ द्या.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी हे अशक्यच ना?

नाही. जर्मन डिझायनर फिलिप मेयर याने स्वीडनमध्ये शिकत असताना, २०१३ मध्ये, बोटांनी वाचायची एक शब्दविरहित चित्रकथा केली. पात्रं म्हणजे कागदावर उठवलेली वर्तुळं. ती येतात, जवळ जातात, एकमेकांत मिसळतात, वेगळी होतात, विरतात. अंध वाचकांबरोबर बसून त्याने ती घडवली. जाड कागद आणि ब्रेलची पाटी मिळाली तर हा प्रयोग आपल्यालाही करता येईल, आणि इथे कुणीतरी तो करावा असं मला मनापासून वाटतं.

आयएसबीएन, कॉपीराइट वगैरे लागतं का?

चित्र काढताक्षणी त्याचा हक्क तुमचा होतो. १९५७ च्या कायद्याप्रमाणे त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही आणि तो तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं राहतो. घडीच्या छोट्या पुस्तकाला आयएसबीएनची, म्हणजे पुस्तकाच्या जागतिक ओळख क्रमांकाची, गरज नाही. दुकानांत किंवा वाचनालयांत द्यायचं असेल तर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे अर्ज करा.

किंमत किती ठेवावी?

कागद, छपाई, दोरा यांचा खर्च निघेल आणि पुढच्या खेपेचा कागद येईल इतकी. फुकट वाटलेलं पुस्तक लोक पिशवीत टाकून विसरतात. दहा-वीस रुपये दिले तर उघडून बघतात. आपसांत अदलाबदल मात्र खुशाल करा.

मलपृष्ठावर गोष्टीचा सारांश छापावा का? दोन ओळी लिहिल्या तर लोकांना सोपं जाईल.

छापू नका. त्या दोन ओळी आधी वाचल्या जातात आणि मग वाचक चित्रांत फक्त त्याच शोधतो. नाव मुखपृष्ठावर द्यायला हरकत नाही, पण तेही वस्तूचं किंवा जागेचं असावं: वरच्या गोष्टीला 'कुंडी' पुरेल, 'वाड्याचा निरोप' म्हटलं की संपलं. मुखपृष्ठाच्या तळाशी बारीक अक्षरांत तुमचं नाव, वर्ष आणि 'बडोदे' एवढं जरूर घाला, आणि किती प्रतींपैकी कितवी प्रत आहे ते हाताने लिहा.

देताना तोंडीही काही सांगू नका. घेणारा हमखास विचारतो, 'कशावर आहे?' त्याला म्हणा, 'आधी बघा, मग तुम्हीच सांगा.'